किट निगेटिव्ह, तरीही पिल्लं गेली

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. साताऱ्याजवळ एका भाड्याच्या बंगल्यात आम्ही चौघीजणी रस्त्यावरच्या मांजरांसाठी छोटा निवारा चालवतो. सध्या 26 मांजरं आहेत. पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लांची रीघ लागली. मागच्या आठवड्यात कुणीतरी फाटकापाशी खोक्यात 6 पिल्लं ठेवून गेलं. त्यातली 4 एकामागून एक गेली. सकाळी खेळणारं पिल्लू संध्याकाळी पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसायचं, पाणी मात्र प्यायचं नाही. मग उलट्या, मग घाण वासाचे जुलाब. कुत्र्यांच्या पार्वोचं किट लावलं, निगेटिव्ह आलं. म्हणून आम्ही विषबाधा समजून चाललो आहोत. त्याआधी आमच्याकडेच व्यायलेल्या एका मांजरीचं एक पिल्लू पहिल्यापासून झोकांड्या खात चालतं. अडीच महिन्यांची मनी एफआयव्ही (मांजरांची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) पॉझिटिव्ह आली आहे. आणि वर्षाच्या एका बोक्याचं पोट फुगलंय, त्याची मांजरांच्या कोरोनाची अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्ह आहे. "मनीला आणि बोक्याला झोपवा, नाहीतर सगळी मांजरं जातील," असं आम्हाला सांगितलं जातंय. पैसे फार नाहीत. कोणत्या टेस्ट कराव्यात? या दोघांना खरंच मारावं लागेल का? की निवाराच बंद करावा?

उत्तर:

ताई,

चार पिल्लं डोळ्यांदेखत गेल्यावर घरात काय अवस्था असते ते मला माहीत आहे. पण राहिलेल्या दोघांसाठी आणि बाकीच्या मांजरांसाठी वेळ कमी आहे, म्हणून घाईचं आधी सांगते.

तुमचं वर्णन वाचून मला विषबाधा वाटत नाही. विष पोटात गेलं असतं तर एकाच थाळीत खाणारी पिल्लं काही तासांत एकदम पडली असती. तुमच्याकडे ती एकामागून एक, दिवस सोडून पडली. लस न झालेली, एकाच खोक्यातली, वाढत्या वयाची पिल्लं; आधी सुस्ती, मग उलट्या, मग जुलाब; आणि पाण्यावर मान टाकून बसणं. हे चित्र पॅनल्यूकोपेनियाचं, म्हणजे मांजरांच्या पार्वोचं आहे. किट काहीही म्हणो, आज संध्याकाळपासून तो आजार घरात आहे असं धरूनच वागा.

किट मग निगेटिव्ह का आलं? कुत्र्यांचा पार्वो 1978 च्या सुमारास जगभर पसरला आणि तो मांजरांच्या याच विषाणूच्या कुळातून आला. दोघांचं बाहेरचं प्रथिन इतकं सारखं आहे की कुत्र्यांसाठी बनवलेलं किट मांजरांचा विषाणूही पकडतं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी ते किट वापरलं यात काही चुकलं नाही. अडचण निगेटिव्ह निकालाचा अर्थ लावण्यात आहे. विष्ठेतून हा विषाणू भरपूर बाहेर पडतो तो थोडेच दिवस. जुलाब लागून दोन-तीन दिवस झाले की तोवर तयार झालेले प्रतिपिंड (अँटिबॉडी) विषाणूला चिकटतात आणि किटला तो दिसेनासा होतो. स्वॅबवर विष्ठा कमी आली, तरी तेच होतं. उलट्या-जुलाबाच्या पिल्लात किट पॉझिटिव्ह आलं तर त्यावर विश्वास ठेवावा. निगेटिव्ह आलं तर एवढंच कळतं की या नमुन्यात किटला पुरेसा विषाणू सापडला नाही. अलीकडेच जिवंत लस (दुबळा केलेला विषाणू असलेली) टोचलेल्या पिल्लात कधीकधी पुसट रेघ उमटते. म्हणून लसीची तारीख डॉक्टरांना न विचारताच सांगायची.

याहून स्वस्त आणि माझ्या मते याहून कामाची तपासणी म्हणजे रक्ताची काचपट्टी. हा विषाणू झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतो: आतड्याच्या अस्तरावर आणि अस्थिमज्जेवर. त्यामुळे पांढऱ्या पेशी कोसळतात. मांजराच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण 5,500 ते 19,500 असतात. उलट्या करणाऱ्या, लस न झालेल्या पिल्लात त्या 2,000 च्या खाली आल्या, तर मी दुसऱ्या कागदाची वाट बघत नाही. रक्तपेशी मोजणारं सीबीसीचं मशीन जवळ नसेल तरी कानाच्या कडेतून घेतलेल्या एका थेंबाची पट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की पांढऱ्या पेशी शोधाव्या लागतात की सहज दिसतात, हे सरावलेल्या डोळ्याला लगेच कळतं. राहिलेल्या दोन पिल्लांचं एवढं तरी आज करून घ्या. आज आकडा ठीक आला तर उद्या पुन्हा, कारण तो एका रात्रीत खाली येतो.

पीसीआर करायची असेल तर विष्ठेचा नमुना पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये जातो. ही तपासणी फार तिखट नजरेची आहे, आणि त्यामुळेच लसीतला विषाणूही ती पकडते. निकाल हाती येईपर्यंत तुमचे निर्णय मात्र थांबता कामा नयेत.

आणखी एक गोष्ट, जी दुःखाच्या भरात राहून जाते. देव न करो, पण आणखी एखादं पिल्लू गेलं तर लगेच पुरू नका. शव दुहेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बर्फात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठलं की पेशी फुटतात आणि आतड्याचे काप वाचता येत नाहीत. तुमच्या जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तिथे आधी फोन करून शवविच्छेदनाबद्दल विचारा. एका पिल्लाच्या आतड्याचा नीट अहवाल उरलेल्या पंचविसांना उपयोगी पडतो. जिवंतपणी केलेल्या चार किटांतून जे कळत नाही ते त्यातून कळतं.

आता घरात काय करायचं ते. निवारा बंद करायची गरज नाही, पण नवीन मांजर घेणं 14 दिवस बंद करा, आणि कुणाला दत्तकही देऊ नका. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुतेकदा आठवडाभर पुरतो. 14 दिवस धरले की हातात थोडी सुरक्षित मुदत राहते. फाटकावर तसा कागद लावा. लोक बोलतील, बोलू द्या. शेवटचं आजारी मांजर दिसल्यापासून हे 14 दिवस मोजायचे, पहिल्यापासून नव्हे.

मांजरांचे तीन गट करा. आजारी, आजाऱ्यांच्या खोलीत किंवा भांड्यांत वावरलेली पण अजून चांगली दिसणारी, आणि ज्यांचा काहीच संबंध आला नाही अशी. तुम्ही चौघी आहात, तर आजाऱ्यांकडे एकीनेच जावं आणि तिने त्या दिवशी दुसऱ्या खोलीत पाऊल टाकू नये. तेवढी माणसं हाताशी नसली तर क्रम पाळा: आधी निरोगी, मग संशयित, शेवटी आजारी, आणि मग कपडे बदलून आंघोळ. चपलासुद्धा वेगळ्या हव्यात. हा विषाणू हवेतून फारसा जात नाही. आपल्या हातांवर, गाऊनवर, झाडू-केरसुणीवर बसून तो खोल्या बदलतो.

लस आजच. चार आठवड्यांवरच्या प्रत्येक पिल्लाला आणि लस न झालेल्या प्रत्येक मोठ्या मांजराला, ज्याला सगळे ट्रायकॅट म्हणतात ती तीन रोगांची जिवंत लस. "आधी साथ जाऊ दे, मग टोचू" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. निवाऱ्यात तो पिल्लांच्या जिवावर उठतो. जिवंत लस काही दिवसांतच संरक्षण द्यायला लागते, आणि साथीत तेवढ्या दिवसांनीच मांजर वाचतं. पिल्लांना दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायची, किमान 16 आठवड्यांची होईपर्यंत, साथीच्या घरात 20 पर्यंत. आईच्या चिकातून आलेले प्रतिपिंड लसीला मध्येच निकामी करतात आणि ते नेमके कधी संपतात हे पिल्लागणिक वेगळं असतं, म्हणून एवढ्या वेळा. गाभण मांजरींबद्दल मात्र डॉक्टरांशी वेगळं बोला. ते का, ते पुढे येईलच.

दोन पिल्लांच्या उपचाराचं तुमचे डॉक्टर बघतीलच. सलाइन, उलटी थांबवणारं औषध, रक्तात जंतू शिरू नयेत म्हणून प्रतिजैविक, ऊब, आणि उलटी थांबताच थोडं-थोडं खाणं. यातूनही पिल्लं वाचतात. मी वाचलेली पाहिली आहेत. पण ताप आहे म्हणून घरातल्या औषधाच्या डब्यातलं पॅरासिटामॉल देऊ नका, चिमूटभरही नको. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते. तापाने जे पिल्लू मेलं नसतं ते गोळीने मरतं.

साफसफाईबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथेच बहुतेक निवारे हरतात. या विषाणूला बाहेरचं स्निग्ध आवरण नसतं. त्यामुळे साबण, अल्कोहोलचा सॅनिटायझर, सुगंधी फ्लोअर क्लीनर यांपैकी कशालाच तो दाद देत नाही, आणि घरात सावलीत वर्षभरही टिकतो. त्याला मारतं ते ब्लीच. बाटलीवर 5 टक्क्यांच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात 30 मिलि. रोज ताजं मिसळायचं. पण आधी घाण खरवडून, साबणाने धुऊन, पाणी निथळू द्यायचं, कारण विष्ठा किंवा माती असली की ब्लीच तिच्यावरच खर्ची पडतं. मग फरशी दहा मिनिटं ओली राहिली पाहिजे. मांजरं खोलीबाहेर, खिडक्या उघड्या, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं काहीही मिसळायचं नाही. विषारी वायू निघतो. लाकडी फळ्या, पुठ्ठ्याची खोकी, फाटक्या गोधड्या यांचा मोह सोडा. त्या जाळा किंवा टाकून द्या.

आणि फिनेल आजच्या आज घराबाहेर काढा. निवारा म्हटलं की फिनेलचा वास, अशी आपल्याकडे सवय झाली आहे. फिनेल आणि डेटॉलसारख्या जंतुनाशकांतले घटक मांजराला विषारी असतात. पायाला लागतं, ते चाटतं, आणि यकृतावर ताण येतो. शिवाय या विषाणूवर त्यांचा भरवसा नाही. म्हणजे मांजराला इजा आणि विषाणूला मोकळीक.

आता झोकांड्या खाणारं पिल्लू. मला वाटतं, त्याच घटनेचा हा आधीचा धागा आहे. आई गाभण असताना, किंवा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत हाच विषाणू पिल्लाला गाठतो, तेव्हा तोल सांभाळणारा लहान मेंदू अजून घडत असतो. त्याच्या पेशी मरतात आणि तो अपुरा राहतो. गाभण मांजरीला जिवंत लस टोचली तरी हेच होऊ शकतं, म्हणून वर तसं म्हटलं. तुमच्या मांजरीला पोटुशी असताना लस दिली होती का, हे वहीत बघा. दिली नसेल, तर विषाणू तुमच्या घरात या खोक्याच्या आधीपासून होता, असा त्याचा अर्थ होऊ शकतो, आणि मग साफसफाई त्या एका खोलीपुरती ठेवून भागणार नाही. पिल्लाबद्दल सांगायचं तर त्याचं डुलणं वाढत जात नाही, त्याला दुखत नाही, आणि ते भरपूर वर्षं मजेत जगू शकतं. कडा उंच असलेली लिटर ट्रे, घसरणार नाही असं अंथरूण, उंचीवरून पडणार नाही एवढी काळजी. त्याला कुणी "अपंग, झोपवा" म्हणालं तर ऐकू नका.

मनीकडे येते. तिचं नाव वाचून मी थांबले, कारण अशा मनी चुकीच्या रेघेपायी गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एफआयव्हीचं किट विषाणू शोधत नाही, त्याविरुद्धचे प्रतिपिंड शोधतं. अडीच महिन्यांच्या पिल्लाच्या रक्तातले प्रतिपिंड बहुतेकदा आईच्या दुधातून आलेले असतात. आईला बाधा असेल, तरी तिच्या पिल्लांतल्या बहुतेकांना ती होत नाही. प्रतिपिंड मात्र सगळ्यांना मिळतात आणि सहा महिन्यांच्या वयापर्यंत टिकू शकतात. त्यामुळे मनीच्या त्या रेघेतून कळते ती बहुधा तिच्या आईची गोष्ट. सहा महिने पूर्ण झाले की पुन्हा तपासा. तेव्हा निगेटिव्ह आली तर विषय संपला. पॉझिटिव्ह आली तर दुसऱ्या कंपनीच्या किटने किंवा लॅबमधून खात्री करा.

खात्री कशासाठी, तेही सांगते, कारण हे गणित निवारा चालवणाऱ्या प्रत्येकाला पाठ हवं. समजा तुमच्याकडे 100 धडधाकट मांजरं आहेत आणि त्यांतल्या एकालाच खरी बाधा आहे. किट उत्तम आहे, 100 पैकी फक्त दोघांना चुकून पॉझिटिव्ह दाखवतं. तपासणी केल्यावर हाती पॉझिटिव्ह किती आली? तीन. त्यातलं खरं एक. धडधाकट कळपात सरसकट किट लावलं की पॉझिटिव्ह निकालच जास्त संशयास्पद असतो. तेच किट सतत तोंड आलेल्या, वजन घटलेल्या, अंगभर चावे असलेल्या रस्त्यावरच्या बोक्याला लावलं, तर त्या रेघेचं वजन कितीतरी वाढतं. किट तेच, पण मांजर कोणतं यावर निकालाचा अर्थ बदलतो.

आणि समजा मनी सहा महिन्यांनंतर खरोखरच पॉझिटिव्ह आली. तरीही मारायचं कारण नाही. एफआयव्ही पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यांतून. एका थाळीत खाल्ल्याने, एकमेकांना चाटल्याने सहसा नाही. माणसाला तर होतच नाही. नसबंदी केलेलं, घरात राहणारं, न भांडणारं एफआयव्हीचं मांजर कित्येक वर्षं जगतं. हा विषाणू सापडला तोही अशाच एका घरात. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी एका बाईंकडे वेगवेगळ्या कोठ्यांत मांजरं ठेवलेली होती. एका कोठीतल्या 25 पैकी 10 मेली, आणखी 5 खंगत होती. शेजारच्या कोठ्यांत मात्र तसं घडत नव्हतं. त्या सगळ्यांची फेलाइन ल्युकेमियाची (मांजरांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूची) तपासणी निगेटिव्ह होती. मग हे आहे काय, या प्रश्नातून डेव्हिसच्या विद्यापीठात नील्स पेडरसन आणि जेनेट यामामोटो यांनी 1986 मध्ये विषाणू वेगळा काढला. कोणत्या कोठीत कोण होतं, कोण कधी आजारी पडलं, एवढी नोंद होती म्हणून ते शक्य झालं.

एफआयव्हीच्या त्याच किटच्या दुसऱ्या खिडकीत फेल्व्ही, म्हणजे फेलाइन ल्युकेमिया दिसतो, आणि त्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे किट विषाणूचंच प्रथिन शोधतं, त्यामुळे आईच्या प्रतिपिंडांनी फसत नाही. पिल्लातही निकाल धरावा लागतो. हा लाळेतून पसरतो, म्हणून एकाच भांड्यात खाणारी, एकमेकांना चाटणारी मांजरंही धोक्यात येतात. तरी इथेही एकाच रेघेवर जीव घेऊ नका. वेगळं ठेवून महिन्याभराने पुन्हा तपासा, आणि जमलं तर पीसीआर. काही मांजरं विषाणूला दाबून टाकतात आणि पुढची तपासणी निगेटिव्ह येते. ज्यांच्यात तो टिकून राहतो त्यांचं आयुष्य बहुधा दोन-तीन वर्षांचं उरतं. ती वर्षं चांगली जाऊ शकतात, फक्त इतरांपासून वेगळ्या घरात. आणखी एक सवय सोडा: पैसे वाचावेत म्हणून एका पिल्लाची टेस्ट करून पूर्ण वीण मोकळी करणं, किंवा फक्त आई तपासणं. भावंडांचे निकाल वेगवेगळे येतात.

बोक्याचं. कोरोनाच्या अँटिबॉडी टेस्टवरून एफआयपीचं (मांजरांच्या कोरोनातून उद्भवणाऱ्या, पोटात पाणी भरू शकणाऱ्या गंभीर आजाराचं) निदान होत नाही. हे मी ठामपणे लिहिते आहे. मांजरांचा कोरोना आतड्यात राहणारा, सामायिक लिटर ट्रेतून फिरणारा विषाणू आहे, आणि 26 मांजरांच्या घरात बहुतेकांच्या रक्तात त्याचे प्रतिपिंड सापडतील. उद्या सगळ्यांची टेस्ट केलीत तर कळेल. त्यांतल्या मोजक्यांच्याच शरीरात तो विषाणू बदलतो आणि एफआयपी होतो. तेव्हा तुमच्या बोक्याचं उत्तर त्या कागदावर नाही, त्याच्या पोटातल्या पाण्यात आहे.

डॉक्टरांना सुईने ते पाणी काढायला सांगा. एफआयपीत ते पिवळसर, चिकट, प्रथिनांनी भरलेलं आणि पेशी कमी असलेलं असतं. मग रिव्हाल्टाची चाचणी, जिला जेमतेम काही रुपये लागतात: परीक्षानळीत सात-आठ मिलि ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, त्यात तीव्र ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब मिसळायचा, आणि वर पोटातल्या पाण्याचा एक थेंब अलगद सोडायचा. तो विरून गेला तर एफआयपीची शक्यता फार कमी. जेलीसारखा तसाच राहिला किंवा हळूहळू खाली उतरला तर शक्यता वाढते, पण पोटात जंतूंचा पू झाला असला किंवा लिम्फोमा हा कर्करोग असला तरीही असं होतं. म्हणून त्याच पाण्याची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि रक्तातल्या अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या दोन प्रथिनांचं एकमेकांशी प्रमाण काढायचं. ते 0.4 च्या खाली असेल तर एफआयपीकडे बोट जातं, 0.8 च्या वर असेल तर बहुतेक नाही. सगळे धागे एका दिशेला आले की निदान. एका धाग्यावर नाही.

आणि निदान पक्कं झालं तरी ही आता मृत्यूची चिठ्ठी राहिलेली नाही. पेडरसन यांच्याच गटाने 2019 मध्ये जीएस-441524 या औषधावर मांजरं बरी होतात हे दाखवलं. कोविडमध्ये माणसांना दिलेलं रेमडेसिव्हिर शरीरात जाऊन त्याच रेणूत बदलतं. रूढ उपचार 84 दिवसांचा आहे, खर्चिक आहे, वजनानुसार डोस बदलत राहावा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवा. समाजमाध्यमांवरून मागवलेल्या अनोळखी बाटल्यांवर नको. एका बोक्यासाठी लोक वर्गणी देतात, मागून बघा. "सगळी मांजरं जातील" ही भीती मात्र काढून टाका. नेहमीचा एफआयपी मांजराकडून मांजराकडे तसाच उडी मारत नाही. 2023 मध्ये सायप्रसमध्ये मांजर आणि कुत्रा या दोघांच्या कोरोनाच्या मिश्रणातून बनलेला प्रकार पसरला, तो अपवाद होता. तुम्ही करायचं ते एवढंच की लिटर ट्रे वाढवा, खाण्यापासून लांब ठेवा, दिवसातून दोनदा काढा, आणि खोलीमागे मांजरं कमी करा.

सर्दी, चिकटलेले डोळे, जिभेवरचे व्रण यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण 26 मांजरांत ते असणारच. हर्पिस आणि कॅलिसी. यांच्या पीसीआरवर पैसे घालू नका. हर्पिस एकदा झाला की आयुष्यभर मज्जातंतूत दडून राहतो आणि ताण आला की वर येतो. कॅलिसी धडधाकट मांजरांच्या तोंडातही सापडतो. पॉझिटिव्ह आली तरी उपचार तेच. फक्त मोठी, लस झालेली मांजरं तोंडाला-पायांना सूज येऊन मरायला लागली, तर ताबडतोब तपासा.

दोन गोष्टी तुमच्यासाठी, मांजरांच्या आडून. चिकन सेंटरमधून आणलेली मुंडकी, पाय, कातडी कच्ची घालत असाल तर आजपासून शिजवून घाला. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, आणि त्यापाठोपाठ छिंदवाड्यात घरगुती मांजरांत एच5एन1 सापडला. कावळे-कोंबड्या मरत असताना एखाद्या मांजराला झटके, धाप, आंधळेपणा असं काही आलं तर त्याला उघड्या हातांनी हात लावू नका, शवविच्छेदन करवू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. आणि दुसरं म्हणजे रेबीज. मांजर चावलं, ओरखडलं, तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. मांजरावर दहा दिवस नजर ठेवायची असते, पण स्वतःची लस त्या दहा दिवसांवर सोडायची नाही. जिवंत मांजरात रेबीज खात्रीने सांगणारी तपासणी नसते. तुम्ही चौघींनी आधीच प्रतिबंधक डोस घेऊन ठेवावेत, असं मी आग्रहाने सांगते.

पैशांचं म्हणाल तर माझा क्रम असा राहील. पहिला रुपया लसीला. दुसरा ब्लीच, वेगळे झाडू, वेगळी भांडी यांना. त्यानंतर दोन पिल्लांच्या रक्ताच्या पट्ट्या आणि बोक्याच्या पोटातलं पाणी. पॅनल्यूकोपेनियाची पीसीआर एकाच आजारी पिल्लाची, सगळ्यांची नाही. एकाचा निकाल साथीचं नाव सांगायला पुरतो. फेल्व्ही-एफआयव्हीची किटं साथ ओसरल्यावर, आणि तीही आधी आजारी, खंगलेल्या किंवा कळपात मिसळायच्या मांजरांना. कोणतीही टेस्ट लिहून दिली की डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: पॉझिटिव्ह आली तर आपण काय वेगळं करू, आणि निगेटिव्ह आली तर काय वेगळं करू? दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ते पैसे राखून ठेवा.

वही आजपासून अशी लिहा: मांजर कधी आलं, कुठून आलं, कोणत्या खोलीत गेलं, लस कधी, पहिलं लक्षण कोणत्या दिवशी, नमुना कधी घेतला. बंगल्यात एखादं जादाचं न्हाणीघर असेल तर ते नव्या मांजरांसाठी राखून ठेवा. फरशी, नळ, बंद दार, धुवायला सोपं. साथ संपल्यावर येणारं प्रत्येक मांजर आधी दोन आठवडे तिथे राहील, आणि लस दारातच होईल. वाचलेली पिल्लं सहा आठवड्यांपर्यंत विषाणू टाकू शकतात, तेव्हा लस अर्धवट झालेल्या पिल्लांत त्यांना त्याआधी सोडू नका, आणि सोडताना आंघोळ घाला.

मनीच्या पुनर्तपासणीचा महिना वहीत आत्ताच लिहून ठेवा. तोवर ती इतर न भांडणाऱ्या पिल्लांबरोबर राहू शकते, खेळू शकते. तिला पिंजऱ्यात एकटी ठेवू नका. आणि दोन पिल्लांच्या पांढऱ्या पेशींचे आकडे आले की मला लगेच कळवा, रात्र असली तरी चालेल.